चित्र पाऊण, पैसे पूर्ण: आपल्या चौकोनी टीव्हीची शेवटची वर्षं

२०१३ च्या एप्रिल-मे महिन्यात मला वार्ताहर म्हणून सगळ्यात जास्त फोन कशाचे आले असतील, सांगा बरं? पाण्याचे नाहीत, खड्ड्यांचे नाहीत. "टीव्हीत वर-खाली काळे पट्टे येतायत, तेवढं पेपरात छापा" असं सांगणारे फोन! डोंबिवली पश्चिमेच्या एका आजींचं वाक्य अजून लक्षात आहे. "अरे, बॉक्सचे पैसे पूर्ण घेतले आणि चित्र पाऊण दिलं." तेव्हा हसलो होतो. नंतर कागदावर गणित मांडलं, तर आजींचा हिशेब तंतोतंत बरोबर निघाला.

पोस्ट जरा मोठी आहे, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात घडलेली गोष्ट आहे. वाचाच.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हापासून आपल्या कल्याण-डोंबिवलीत जो टीव्ही आला तो जवळजवळ चौकोनी. रुंदी ४ तर उंची ३. हे माप टीव्हीवाल्यांनी शोधलेलं नव्हतं. एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जी चौकट ठरली, तीच पुढे टीव्हीने उचलली. मग १९५० च्या दशकात टीव्ही लोकांना घरातच बसवायला लागला, म्हणून अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांनी पडदा आडवा ताणला. आपल्याकडे गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये आला. असा आडवा सिनेमा चौकोनी टीव्हीवर दाखवायचा तर दोनच मार्ग. बाजू कापा, नाहीतर वर-खाली काळं सोडा. म्हणजे आजींचं भांडण मुळात सिनेमा आणि टीव्ही या दोन भावांचं जुनं भांडण आहे.

१९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने सगळ्या प्रचलित चौकटी एकावर एक ठेवून त्यांना सामावणारी मधली चौकट काढली. ती १६:९. गंमत म्हणजे ४:३ ला ४:३ ने गुणलं की नेमकं १६:९ येतं. पुढे एचडी आलं ते याच मापात.

आता आपल्या गावाकडे येऊ. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि केबल डिजिटल करण्याचे टप्पे ठरले. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं, त्यात महाराष्ट्रातली ९, आणि त्या ९ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली वेगवेगळी मोजलेली. मुदत ३१ मार्च २०१३. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे पाच महिन्यांचं अंतर. आणि कल्याण ओलांडून उल्हासनगरला गेलात की तिथे तिसरा टप्पा, मुदत थेट २०१५ च्या अखेरीस. तोवर तिथली मंडळी बिनबॉक्सची निवांत!

तारीख दिल्लीत ठरली, बॉक्स घरोघरी आला, पण टीव्ही जुनाच राहिला. बॉक्सला हजाराच्या आसपास गेल्यावर लगेच नवा टीव्ही कोण घेणार? आणि जुना टीव्ही काही बिघडला नव्हता. ओनिडाचा कारखाना आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वाड्याला होता. तिथले डबे पंधरा-पंधरा वर्षं चालले. नेमक्या त्याच सुमारास क्रिकेट आणि मालिका आडव्या चौकटीत यायला लागल्या.

बॉक्सच्या मेनूत तीन पर्याय असायचे, ते कोणी समजावून सांगितले नाहीत. पहिल्यात काळे पट्टे. दुसऱ्यात बाजू कापल्या जायच्या, डावीकडून आठवा हिस्सा आणि उजवीकडून आठवा. कोपऱ्यातला स्कोअर अर्धा गायब. तिसऱ्यात सगळी माणसं उभी ताणलेली, सासूबाई एकदम सडपातळ. आजींनी शेवटी दुसरा पर्याय घेतला. "माणसं कडेने कापली तरी चालतील, पण काळं नको घरात."

पट्ट्यांचं गणित असं. आडवं चित्र चौकोनी काचेवर पूर्ण रुंदीत बसवलं की उंचीचा पाव भाग रिकामा राहतो. आपल्या टीव्हीत चित्राच्या ५७६ ओळी; त्यातल्या चित्राला उरल्या ४३२. पाऊण!

इथवर गैरसोयच म्हणू. खरी लबाडी एचडीच्या नावाखाली झाली. "काकू, एचडी घ्या, चित्र क्लिअर येईल" असं सांगून चौकोनी टीव्हीवाल्यांना एचडी पॅक विकले गेले. माझ्याच घरी विकला गेला, आणि मी पत्रकार! बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर. त्या पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही. एचडीत एका चित्राला सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. पट्टे सोडून आपल्या काचेवर उतरायचे जेमतेम ३ लाख ११ हजार. शंभराचे पैसे द्या, पंधरा घ्या. हां, एक कबूल करायला हवं. एचडी वाहिनी मुळात कमी दाबलेली असते, त्यामुळे जुन्या टीव्हीवरही कधीकधी थोडी स्वच्छ दिसायची. पण त्या थोड्यासाठी दरमहा वेगळे पैसे? २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची नवी दररचना आली. त्यात १३० रुपये अधिक कर भरून १०० वाहिन्या, आणि एक एचडी वाहिनी मोजायची दोन म्हणून. तेव्हाही किती घरांत चौकोनी डबा होता आणि बिलात एचडी होतं, ते केबलवाल्यांनाच विचारा. टीव्ही कोणता आहे हे विचारण्याची सक्ती कोणावरच नव्हती. साधा एक प्रश्न होता हो, "ताई, टीव्ही पाठून बघू का?"

दुसरी अडचण सुताराची. आपल्याकडे नव्वदच्या दशकात भिंतभर शोकेस करून घेतले, त्यात मधोमध टीव्हीच्या मापाचा कप्पा. २१ इंची डब्याचा कप्पा. नवा ३२ इंची सपाट टीव्ही आणला तर तो आडवाच सव्वादोन फुटांच्या वर; कप्प्यात शिरेना. फळ्या कापून घेतलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. आणि नवा टीव्ही आल्यावर उलटं सुरू झालं. जुन्या लग्नाची सीडी लावली की नवरी आडवी पसरलेली! कारण आता चौकोनी चित्र आडव्या काचेवर ताणलेलं. आमच्या लग्नाची सीडी बायको अजून लावू देत नाही. रिमोटवर ४:३ चं बटण आहे हे सांगून झालंय; मग दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, ते तिला चालत नाहीत.

आमचा जुना डबा भंगारवाला न्यायला तयार नव्हता. काचेत शिसं असतं, फोडायला त्रास, असं म्हणाला. शेवटी शेजारच्या मुलाच्या मदतीने माळ्यावर चढवला. शोकेसचा कप्पा मात्र आम्ही कापला नाही. नवा टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला आणि कप्प्यात आता आईच्या पोथ्या आहेत.