मालगुंडचं घर

गेल्या मे महिन्यात भारतात गेलो, तेव्हा मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो. जवळच मालगुंड. तिथे १८६६ साली कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, जन्मले. शाळेत 'तुतारी' शिकलेल्या कुणालाही पुढची ओळख नकोच!

घर साधंच, कोकणातलं कौलारू. "एवढंसंच?" धाकटीने विचारलं. आमच्या आयसेलिनच्या गॅरेजशी ती तुलना करत होती. मी म्हटलं, "अगं, तुझ्या आजोबांचं घरही असंच आहे." पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. चिरा, माती, लाकूड, सगळं आसपासचंच. मंगळुरी कौलं मात्र बाहेरची. मंगळूरला बासेल मिशनने त्यांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी छपरावर गवत किंवा नळ्याची कौलं असत.

असं घर एकदा बांधून संपत नाही, बरं का. पावसाआधी दरवर्षी कौलं परतायची, फुटकी बदलायची. जमीन शेणाने सारवायची. चुलीच्या धुराने वाशांना वाळवी लागत नाही, असं आजी म्हणायची. म्हणजे चूल पेटायला हवी, आणि त्यासाठी माणूस हवा.

केशवसुत स्वतः त्या घरी कुठे राहिले? शिक्षकाची नोकरी, आज इथे तर उद्या तिथे. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही गाठली नाही. तरी घर आज उभं आहे. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक केलं आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कुणीतरी कौलं परतायची जबाबदारी घेतली, म्हणून ते उरलं.

आमचं राजापूरकडचं घर आठ वर्षं बंद आहे. विक्रीच्या कागदांवर माझी सही तेवढी बाकी. कागद इथे टेबलावर पडून आहेत. "घराची फार आठवण येते," असं मी दर दिवाळीला म्हणतो. पण आठवणीने कौलं परतली जात नाहीत, हे मालगुंडला कळलं.

परवा भावाला फोन केला. म्हटलं, "दादा, सही राहू दे. यंदा कौलांना किती खर्च येईल ते सांग."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "पैसे ठीक आहेत रे. पण चूल कोण पेटवणार?"

पुढच्या मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. पंधरा दिवस तरी पेटेल.