‘न्हावी’ शब्द आणि बलुत्याचे नाते

मराठी ‘न्हावी’ हा शब्द प्राकृत ‘ण्हाविअ’ या रूपावरून आला असून त्याचा संबंध ‘स्ना’ धातूशी आहे. न्हावी म्हणजे न्हाऊ घालणारा. ‘हजाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणारा असा आहे. शोभा, शुचिता व आरोग्य ही तिन्ही एकाच व्यवसायात एकवटली होती, याची साक्ष हे शब्द देतात.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. श्मश्रूचा मोबदला त्यास सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. हक्क वंशपरंपरागत, तसे कर्तव्यही. विधवेच्या केशवपनास नकार देणे म्हणजे बलुते धोक्यात घालणे होय. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी तसा नकार दिला, तो रोख मजुरीच्या मुंबईत, हे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

मुळशी पेट्यात १९२१ ते १९२४ या काळात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. गाव बुडाला की शेतकऱ्याची जमीन जाते. पण न्हाव्याचे बलुतेही जाते, कारण ते गावाच्या एकत्र नांदण्यावरच उभे असते. ज्या बंधनाने त्यास नकाराचे स्वातंत्र्य दिले नाही, त्याच बंधनात त्याची भाकरी होती.