पन्नास रुपयांचा दंड आणि दहा बोटांचे ठसे

आमच्या शेजारचे चाचा एका रविवारी दुपारी कागदांची चळत घेऊन घरी आले. मुलगी अमेरिकेत, तिला दिवस गेलेले, बाळंतपणासाठी आईवडिलांनी यावे असा तिचा आग्रह. व्हिसाचा अर्ज एजंटाने अर्धा भरून दिला होता. एका प्रश्नापाशी चाचा अडले होते. तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक झाली आहे काय, शिक्षा झाली आहे काय, नंतर माफी मिळालेली असली तरी सांगा, असा तो प्रश्न. एजंट म्हणाला होता, ‘नाही लिहा आणि मोकळे व्हा.’ चाचांनी आम्हाला विचारले, ‘सर, इथं खरं लिहायचं की बरं लिहायचं?’

चाचांची हकिकत मोहल्ल्यात अनेकांना ठाऊक आहे. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पेटली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि लूमवर रात्रपाळी करत होते. संचारबंदीत आजारी वडिलांसाठी औषध आणायला बाहेर पडले आणि गाडीत भरले गेले. आठवडाभर कोठडीत राहिल्यावर वकिलाने सल्ला दिला, ‘गुन्हा कबूल करून टाक, दंड भर, घरी जा. केस लढलास तर चार वर्षे तारखा.’ चाचांनी कबूल केले. पन्नास रुपये दंड झाला. त्या काळी घरी जाण्याची घाई असलेल्या शेकडो पोरांनी हेच केले असेल. आपण ‘सिद्धदोष’ झालो, हे त्यातल्या किती जणांना कळले असेल, याचा आम्ही आजवर विचारच केला नव्हता.

इतिहास शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे चाचांना उत्तर देण्याआधी आम्ही वेगळ्याच प्रश्नात गुंतलो. परदेशी जाणाऱ्याला हा सवाल विचारायला सुरुवात कोणी आणि कधी केली? शोध घेऊ लागलो तर वाट अमेरिकेच्या आधी बंगालकडे वळली.

१८५८ मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा कागदावर घेतला, उद्या हा माणूस सही नाकारू नये म्हणून. म्हणजे सरकारी कागदावर ठसा आला तो कराराच्या निमित्ताने, चोराच्या नव्हे. पुढे हुगळीला असताना हर्शेलने पेन्शन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचेही ठसे घेतले. चोर आणि पेन्शनर एकाच शाईत आले ते तेव्हापासून.

ठसे घेणे सोपे, शोधणे अवघड. हजारो कागदांतून एक ठसा कसा काढायचा? हे कोडे सुटले कलकत्त्याला, आणि त्यात एका मुसलमान सब-इन्स्पेक्टरचा मोठा वाटा आहे. काझी अझीझुल हक हे त्यांचे नाव. खुलन्याकडचे, गणितात हुशार, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले. बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी त्यांना हाताशी घेतले. बोटांवरच्या रेषांचे प्रकार पाहून ठसे १०२४ खणांत वाटून ठेवायचे, म्हणजे हवा तो कागद मिनिटांत सापडतो, ही पद्धत हक यांनी आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्याला अंगुलिमुद्रांचे कार्यालय उघडले. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. नाव मात्र पडले ‘हेन्री पद्धत’. हक साहेबांना पुढे खानबहादूर हा किताब आणि पाच हजार रुपये इनाम मिळाले. आमच्या शाळांतून त्यांचे नाव कुणी घेत नाही, याची आम्हाला खंत वाटते. आणि खरे सांगायचे तर, ज्या पद्धतीने पुढे आपल्याच लोकांना एवढा ताप झाला तिच्या जनकाचा अभिमान नेमका किती धरावा, हेही आम्हाला ठरवता येत नाही.

हे हेन्री साहेब १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या पोलिसांची घडी बसवायला. दक्षिण आफ्रिका आपल्याला परकी नाही. रत्नागिरी-रायगडातील कोकणी मुसलमान त्या काळात केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले होते, त्यांचे वंशज आजही तेथे स्वतःला कोकणी म्हणवतात. तिकडे उत्तरेला ट्रान्सवालमध्ये १९०७ साली कायदा झाला की प्रत्येक आशियाई माणसाने नोंदणी करून घ्यावी, बोटांचे ठसे द्यावेत आणि दाखला जवळ बाळगावा. व्यापारी असो की फेरीवाला, सगळ्यांना एकच नियम. लोक चिडले ते यावर की, दहा बोटांचे ठसे तर गुन्हेगाराचे घेतात! आमचा गुन्हा काय?

या कायद्याचा मसुदा आला तेव्हाच, ११ सप्टेंबर १९०६ रोजी, जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. अब्दुल गनी अध्यक्षस्थानी होते. सेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून कायदा न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म त्या सभेतला मानतात. पुढे गांधीजींनी सरकारशी तडजोड करून स्वेच्छेने ठसे द्यायचे कबूल केले, तेव्हा मीर आलम नावाच्या पठाणाने १० फेब्रुवारी १९०८ रोजी त्यांना भर रस्त्यात लाठीने मारले. त्याचाही राग दहा बोटांच्या ठशांवरच होता. सरकारने शब्द फिरवला. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले रॉकेल ओतून जाळले गेले. मीर आलम त्या सभेला हजर होता. त्याने आपली चूक कबूल केली आणि आपला दाखलाही जाळायला दिला, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकात सत्याग्रह असतो, पण मशिदीचे आवार आणि मीर आलमचा दाखला वर्गात आम्ही आमच्या पदरचा सांगत आलो.

इकडे हिंदुस्थानात काय चालले होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९११ मध्ये हा कायदा देशभर लागू करण्याची सोय झाली, तसा मुंबई इलाख्यातही तो आला. नोंद झालेल्या माणसाचे ठसे घेता येत, वस्तीबाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. आपल्या महाराष्ट्रातले छप्परबंद, बहुतेक मुसलमान, खोटी नाणी पाडणारी जात म्हणून या यादीत गेले. एखाद्याने उभ्या जन्मात नाणे पाडले नसले तरी परगावच्या लग्नाला जाताना पासाशिवाय पाऊल टाकणे हाच गुन्हा. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. पोलिसांच्या मनातली यादी मात्र कोणत्याही गॅझेटने रद्द होत नाही.

पासपोर्टाचे प्रकरण यामानाने अलीकडचे. पहिल्या महायुद्धापूर्वी फार थोड्यांना त्याची गरज पडे. युद्धात, १९१७ मध्ये, नियम आले, १९२० मध्ये कायदा झाला आणि युद्ध संपले तरी पासपोर्ट काही गेला नाही. त्या काळात सरकारला ‘गुन्हेगार’ म्हणजे नेमका कोण नको होता, हे मौलाना मोहम्मद अलींच्या उदाहरणावरून दिसते. ब्रिटिशांच्या फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे, या ठरावावरून १९२१ मध्ये कराचीच्या खालिकदीना हॉलमध्ये त्यांच्यावर खटला चालला, दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. नऊ वर्षांनी, १९३० मध्ये, हाच सजायाफ्ता माणूस गोलमेज परिषदेला लंडनला गेला, तोही सरकारचा पाहुणा म्हणून. ४ जानेवारी १९३१ रोजी तेथेच त्यांचा इंतकाल झाला आणि जेरुसलेमला दफन झाले. म्हणजे गरज पडली की दोन वर्षांची सक्तमजुरीही आड येत नसे.

अमेरिकेच्या कायद्यात ही फट सुरुवातीपासून लिहिलेलीच आहे. १८७५ च्या कायद्याने शिक्षा भोगत असलेल्यांना मज्जाव केला, पण राजकीय गुन्हे वगळून. १८९१ मध्ये ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ हा शब्दप्रयोग आला आणि तो आजही त्यांच्या व्हिसाच्या कायद्याचा कणा आहे. चोरी, फसवणूक, लबाडी त्यात येतात. संचारबंदीत रस्त्यावर सापडणे हे अधःपतन नव्हे. तरी कागदाचा हट्ट पाहा. नेल्सन मंडेलांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले, १९९४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांच्या पक्षाचे नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीत असल्याने त्यांच्या प्रवेशासाठी खास सवलत लागे. ती अट हटवणारा कायदा झाला २००८ मध्ये, तेव्हा मंडेला नव्वदीला टेकले होते.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होते. सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यामुळे घाईने त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला आणि १९७८ च्या निकालाने हे स्वातंत्र्य आणखी पक्के केले. ही सनावळी आम्ही मुद्दाम देतो, कारण आपल्या वस्त्यांतून एक समज घट्ट बसला आहे की पोलिसांत एकदा नाव गेले की पासपोर्ट संपला. कायद्यात तसे नाही. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी, किमान दोन वर्षांची शिक्षा, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर त्या कलमाखाली पासपोर्ट नाकारता येतो. खटला चालू असेल तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणल्यास मुदतीचा पासपोर्ट मिळतो. नुसता एफ.आय.आर. म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते, हे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये लिहून दिले आहे. लपवाछपवी मात्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

चाचांनी पासपोर्टाच्या अर्जात याच प्रश्नाला ‘नाही’ लिहिले होते, आणि ते खरे होते. तेथे पाच वर्षांची आणि दोन वर्षांच्या शिक्षेची अट होती. व्हिसाच्या अर्जात तेच ‘नाही’ खोटे ठरणार होते, कारण येथे अटकसुद्धा मोजतात आणि मुदत नाही. माणूस तोच, पन्नास रुपये तेच, फक्त प्रश्न वेगळा. २००६ च्या मालेगाव स्फोटाच्या प्रकरणात पकडलेल्या आपल्या मुलांना कोर्टाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. त्यांच्यापैकी कुणी हा अर्ज भरला तर अटकेच्या रकान्यात त्यालाही ‘होय’च लिहावे लागेल. निर्दोष माणसाने ‘होय’ लिहायचे, हे आमच्या घशाखाली उतरत नाही. पण ‘नाही’ लिहून जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट लपवल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार जन्मभर बंद होऊ शकते, खास माफी मिळाली तरच उघडते. एजंटाला हे ठाऊक नसते, किंवा असते आणि त्याची फी आधीच मिळालेली असते.

आम्ही चाचांना सांगितले, ‘होय लिहा, चाचा. कलम १८८, फार तर सहा महिन्यांच्या शिक्षेचे. त्यांच्या कायद्यात हे अधःपतनात बसत नाही. कागद मात्र जोडा.’

कागद कुठून आणायचा? कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघे तीन वेळा गेलो. किरकोळ प्रकरणांचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात, तसे ते नष्ट झालेले. तेवढे लिहून द्यायला एक महिना लागला. चाची म्हणाल्या, ‘अम्मांच्या डब्यात बघा की.’ चाचांच्या आईने, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी रेशनकार्डे, मुलांच्या जन्माचे दाखले आणि मालकाच्या पगाराच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. त्याच्या तळाशी दंडाची पावती निघाली, रुपये पन्नास फक्त, शाई विटलेली पण तारीख वाचता येणारी. मुलगा सुटल्याचा पुरावा म्हणून त्यांनी ती जपली होती.

मुंबईला ठसे द्यायला आम्हीच सोबत गेलो. आत काय झाले ते चाचांनी बाहेर आल्यावर सांगितले. चाळीस वर्षे सूत सांधून त्यांची बोटे गुळगुळीत झालेली. यंत्र ठसे घेईना. काचेवर बोटे दाबून धरा, पुसा, पुन्हा दाबा, असे पाच-सहा वेळा झाले. शेवटी उमटले. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारले की १९८४ ला काय झाले होते. चाचांनी औषधाची हकिकत सांगितली, पावती पुढे केली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला, व्हिसा लागलेला. चाची पेढे घेऊन आल्या. चाचा मागून आले, हातात तीच पावती. ‘सर, आता हिचं काय करू?’ आम्ही म्हणालो, ‘झेरॉक्स काढून सोबत न्या, मूळ इथंच ठेवा. पुढच्या खेपेला पुन्हा विचारतील.’ त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि अम्मांच्या डब्यात परत ठेवायला घरी गेले.