मल्लखांबाचे गुण

देवळाली प्रवरा येथील एका स्नेह्यांनीं आम्हांस पुसलें कीं, गांवच्या तालमींत ज्याचा डौल पाहून सारे माना डोलवितात, तोच मुलगा स्पर्धेंत मागें कां पडतो? प्रश्न साधा आहे; उत्तर मात्र इतिहासांत शोधावें लागतें.

मल्लखांब हा मूळचा कुस्तीगिराचा सोबती. बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लांच्या स्तंभावरील मेहनतीचा उल्लेख आहे. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येस नवें जीवन दिलें. तेव्हां परीक्षक एकच, समोरचा मल्ल! गुणांचा कागद आला तो फार उशिरां. १९५८ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेंत मल्लखांबास प्रवेश मिळाला, १९६२ सालीं ग्वाल्हेरीस त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि १९६८ सालीं उज्जयिनीस विद्यापीठांच्या स्पर्धेंत महाविद्यालयीन तरुण खांबावर चढले. जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धेशीं असलेला हा सहवास १९७६ सालीं सुटला. १९८१ च्या जानेवारींत उज्जयिनीसच स्वतंत्र महासंघ स्थापन होऊन खेळास स्वतःचे नियम लाभले. पुरलेला, टांगता व दोरीचा हे प्रकार स्पर्धेंत मानाला चढले; बाटल्यांवर उभा राहणारा निराधार मल्लखांब प्रात्यक्षिकांपुरता उरला. ज्यास गुण नाहींत, त्याचा सराव कोण करणार?

परदेशींही हाच पेंच पडला आहे. १९७६ सालींच माँट्रियल येथें नादिया कोमानेची हिला दहापैकीं दहा गुण मिळाले. फलकास चार आंकडे दाखवितां येत नसल्यामुळें त्यावर १.०० असें झळकलें! २००६ सालीं आंतरराष्ट्रीय महासंघानें दहाची मर्यादा काढून काठिण्य व सफाई यांचे गुण वेगळे केले. अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं मात्र महिलांच्या स्पर्धांत दहाचीच पद्धत राखिली. तेथील प्रेक्षकांस दहा म्हणजे काय, हें समजावून द्यावें लागत नाहीं.

नियम नकोत, असें आमचें म्हणणें नव्हे. लहान गांवच्या मुलास ओळखीपाळखीवांचून पुढें जाण्यास नियमांसारखा दुसरा आधार नाहीं. तथापि नियम जें मोजतात तेंच मुलांचीं शरीरें शिकतात, हें नियम लिहिणारांनीं विसरूं नये. आमच्या स्नेह्यांस आमची विनंती इतकीच : मुलाच्या हातीं नियमांचें पुस्तक अवश्य द्यावें, पण रोज सायंकाळीं एकदां तरी त्याला गुणांवांचून खांबावर चढूं द्यावें.