‘रुपया’ की ‘रुपये’ : जुन्या नोटांच्या वर्गीकरणातील एक प्रश्न

जुन्या कागदी चलनाची सूची करताना कोणता फरक स्वतंत्र प्रकार मानावा, कोणता उपप्रकार आणि कोणता केवळ मुद्रणदोष, हा सूचिकारापुढील मूलभूत प्रश्न होय. भारतीय गणराज्याच्या आरंभीच्या नोटा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

१९५० साली दोन, पाच, दहा व शंभर रुपयांच्या सिंहशीर्षांकित नोटा निघाल्या. त्या काळातील काही नोटांवर हिंदी मजकूर ‘दो रुपया’ असा आढळतो, तर नंतरच्या नोटांवर ‘दो रुपये’ असा. १९५३ मध्ये नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले आणि अनेकवचनाचा वाद ‘रुपये’च्या बाजूने निकालात निघाला.

या नोटांचे केवळ स्वाक्षरीवरून वर्गीकरण केल्यास हा फरक लुप्त होतो. सर बेनेगल रामा राव हे जुलै १९४९ ते जानेवारी १९५७ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते; त्यामुळे दोन्ही पाठांच्या नोटांवर त्यांचीच स्वाक्षरी आहे. उलट, एच. व्ही. आर. अय्यंगार यांची स्वाक्षरी आल्यावर पाठ ‘रुपये’ हाच राहिला. म्हणून येथे पाठभेद वरच्या पातळीवर व स्वाक्षरीभेद त्याखाली ठेवणे युक्त ठरते.

मात्र संग्राहकांच्या सूचींत ‘रुपया’ हा पाठ सर्रास ‘चूक’ म्हणून नोंदविला जातो. ही संज्ञा तपासून घ्यावयास हवी. छपाईत आकडा गळणे किंवा रंग सरकणे हा अनवधानाने घडलेला, एखाद्या प्रतीपुरता दोष होय. ‘दो रुपया’ हा पाठ मात्र ठशातच कोरलेला होता. शिवाय संख्यावाचकापुढे परिमाणवाचक नाम एकवचनी ठेवून ‘सौ रुपया’ असे एकत्रित रकमेच्या अर्थाने म्हणण्याची रीत हिंदी बोलीव्यवहारात आहे. ज्याच्या भाषेत ‘दोन रुपये’ हेच एकमेव रूप रूढ आहे, त्या मराठी वाचकाला ती सदोष वाटणे स्वाभाविक. परंतु एका भाषेचा नियम दुसरीस लावता येत नाही.

संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदाने हिंदीला संघराज्याच्या राजभाषेचे स्थान दिले, तेव्हा तिची शासकीय रूपे अद्याप स्थिरावत होती. पूर्वीच्या पाठास ‘चूक’ म्हटल्याने नंतरचा निर्णय मागील काळावर लादला जातो आणि त्या विचारविनिमयाचा पुरावा पुसला जातो. यास्तव मूल्य, चित्ररचना, पाठ व स्वाक्षरी असा क्रम स्वीकारून दोन्ही रूपे ‘एकवचनी पाठ’ आणि ‘अनेकवचनी पाठ’ अशा तटस्थ नावांनी नोंदवावीत. मुद्रणदोषांस निराळे प्रकरण द्यावे. काय छापले गेले ते सांगणे हे सूचीचे काम. ते शुद्ध की अशुद्ध, हा व्याकरणाचा विषय होय.