कल्पित काळाची शकावली

अमुक गोष्ट घडली एवढें कळून इतिहासकाराचें भागत नाहीं. ती कोणत्या सालीं घडली हें ठरल्यावांचून तिचीं कारणें आणि परिणाम यांची सांगड बसत नाहीं. परंतु ज्या गोष्टी मुळीं घडल्याच नाहींत, त्यांच्याहि कालनिर्णयांत कित्येक विद्वान् रसिक वर्षानुवर्षें गढून गेले आहेत, असें सांगितल्यास वाचकांस हंसूं येईल. आम्हांसहि प्रथम आलें. पुढें मात्र त्या वादांत आम्हांस इतिहाससंशोधनाचा एक मोठा धडा दिसला.

इंग्लंडांत बीबीसीनें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणी-मालिका सुरू केली. काळांतून यथेच्छ संचार करणारा प्रवासी हा तिचा नायक. १९६८ सालीं तींत ‘युनिट’ नांवाचें लष्करी पथक आलें. त्या पथकाच्या कथा कोणत्या सालीं घडतात, हा तो वाद. १९६८ च्याच ‘वेब ऑफ फिअर’ या कथेंत १९३५ सालच्या प्रसंगास चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्याचा उल्लेख आहे. त्यानंतरच्या ‘इन्व्हेजन’मध्यें आणखी चार वर्षें गेल्याचें म्हटलें आहे. बेरीज १९७९ च्या आसपास येते. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ (१९७५) मध्यें नायकाची सोबतीण सेरा आपण १९८० सालच्या असल्याचें सांगते. येथवर मेळ बसतो. पण ‘मॉड्रिन अनडेड’ (१९८३) म्हणते कीं, त्या पथकाचा ब्रिगेडियर १९७७ सालीं सेना सोडून शाळेंत गणित शिकवीत होता! मग १९७९ च्या मोहिमेवर होता तो कोण?

या पेंचांतून सुटण्याची वाट मालिकेनेंच दाखविली आहे. १९११ सालचें संकट न निवारतां निघून गेल्यास काय होईल, हें दाखविण्यासाठीं नायक सेराला १९८० सालीं नेतो, तों पृथ्वी ओसाड पडलेली दिसते. ‘इन्फर्नो’ (१९७०) मध्यें तर हुकूमशाहीखालील निराळें इंग्लंडच आहे. तेव्हां काळाचे प्रवाह दोन. एकांत सेनानी लवकर निवृत्त झाला, दुसऱ्यांत झाला नाहीं, असें म्हटलें कीं वाद संपला!

परंतु हा तोडगा म्हणजे उत्तर नव्हे, पळवाट होय. त्यानें कोणताहि विरोध मिटतो, म्हणून कोणतेंहि विधान तपासण्याचें कारण उरत नाहीं. खरे चिकित्सक रसिक मूळ साधनांकडे वळतात. बीबीसीनें आपल्या जुन्या फिती पुसून टाकिल्या, तरी प्रेक्षकांनीं घरोघरीं ध्वनिमुद्रित केलेले संवाद टिकले. ‘वेब ऑफ फिअर’चे चार हरवलेले भाग २०१३ सालीं नायजेरियांतून परत मिळाल्याचें जाहीर झालें. जीर्ण दप्तरें धुंडाळणाऱ्या आमच्या संशोधकांस ही तळमळ परकी वाटणार नाहीं.

शिवजन्माचेंच पाहा. कोणीं शके १५४९ म्हटलें. जेधे शकावली शके १५५१ सांगते. संशोधकांनीं साधनांचें वय पाहिलें, लेखकाची विश्वसनीयता तोलली, तिथिवार ताडून पाहिले; पण दोन काळांत दोन शिवाजी झाले असें म्हणण्याचें धाडस कोणीं केलें नाहीं. भूतकाळ एकच आहे, या निष्ठेमुळेंच तो वाद अर्थपूर्ण झाला.

मालिकेच्या वादाचें सरळ उत्तर बहुधा एवढेंच कीं, १९८३ च्या कथेंत मागच्या कथांचा हिशेब राहून गेला. २००८ सालीं तर मालिकेनें स्वतःचीच थट्टा केली: आपण त्या पथकांत होतों तें सत्तरचें दशक कीं ऐंशीचें, हें नायकासच नीट आठवत नाहीं! कल्पित कथेंत ही थट्टा शोभते. पण आपल्या अभिमानास न रुचणारा पुरावा दिसतांच सोईचा निराळा भूतकाळ उभा करणारे लोक खऱ्या इतिहासांतहि थोडे नाहींत. त्यांनीं या रसिकांपासून एवढें तरी शिकावें: लिहिणारा चुकला असें म्हणणें कठीण असतें, परंतु काळ दुभंगला असें म्हणण्यापेक्षां तें अधिक प्रामाणिक असतें.