शिदोरी आणि पाणी

घराबाहेर पडतांना खाणें बरोबर घ्यावें, ही रीत महाराष्ट्रांत इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिलाही इतिहास असेल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो इतिहास मात्र सर्वस्वीं गोड नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी हें कापसाच्या व्यापाराचें गांव. सन १९१७ मध्यें तेथें पुलगांवाहून अरुंद मापाचा लोहमार्ग आला. अंतर सुमारें ३५ किलोमीटर, आणि गाडीची चाल मंद. अशा प्रवासास निघणाऱ्याच्या फडक्यांत ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा असावयाचाच. मुलांसाठीं तहानलाडू-भूकलाडू निराळे.

आर्वीच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या पैलतीरीं, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचें माहेर मानलेल्या या क्षेत्रीं कार्तिकांत यात्रा भरते. विदर्भांतील देवस्थानीं कुटुंबेंच्या कुटुंबें शिधा घेऊन जातात, गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजतात आणि वांग्याच्या भाजीशीं झाडाखालीं पंगत बसवितात. जागा आणि पाणी देवस्थानाचें, अन्न ज्याचें त्याचें. जुन्या धर्मशाळांचाही हाच अलिखित करार होता.

परंतु शिदोरीच्या गांठोड्यांत सोंवळेंही बांधलेलें असे. परक्याच्या हातचें चालत नाहीं म्हणूनही लोक घरचें अन्न नेत. इंग्रजी अमदानींत रेल्वेच्या फलाटांवर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें निराळें असे. अस्पृश्यांस तर तेंही दुर्मिळ. सन १९०१ मध्यें बाल भीमराव आंबेडकर भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठीं गोरेगांवास निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. पुढचा प्रवास बैलगाडीचा. बरोबर अन्न भरपूर होतें. पण जात कळल्यावर पाणी कोणी देईना. पाण्यावांचून घास उतरेना, आणि भरल्या डब्यांशेजारीं तीं मुलें उपाशीं निजलीं. ही हकीकत बाबासाहेबांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. जागेच्या धन्यानें पाणी नाकारलें, तर शिदोरी असून नसल्यासारखी होते, हें यापेक्षां स्पष्ट कोण सांगणार?

याच महाराष्ट्रानें शिदोरीचा दुसरा उपयोगही शिकविला आहे. तो म्हणजे गोपाळकाला. ज्यानें त्यानें आणलेलें एकत्र कालवावयाचें, आणि मग कोणता घास कोणाच्या घरचा हें विचारावयाचें नाहीं.

युरोपांतही या प्रश्नाचा निकाल एका देशीं मोठ्या शहाणपणानें लागला. बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन यानें ४ जानेवारी १८१२ रोजीं म्युनिकच्या बिअर गाळणाऱ्यांस आपल्या तळघरांपाशीं बिअर विकण्याची मुभा दिली. मात्र पावाखेरीज अन्न विकण्यास मनाई केली. खाणावळवाल्यांचा धंदा राहिला, आणि लोक घरचे डबे घेऊन झाडांखालीं सहकुटुंब बसूं लागले. सन १९९९ च्या तेथील नियमांतही, स्वतःचें अन्न आणण्याची मुभा हें अशा बागेचें लक्षण मानलें आहे.

आपल्याकडे हा वाद चित्रपटगृहांच्या दाराशीं येऊन ठेपला. सन २०१८ च्या जुलैंत नागपूरच्या अधिवेशनांत राज्यमंत्र्यांनीं बाहेरचें अन्न नेण्यास बंदी नसल्याचें सांगितलें. पुढल्याच महिन्यांत मात्र शासनानें मुंबई उच्च न्यायालयांत, चित्रपटगृहांच्या बंदींत हस्तक्षेप करण्याचें कारण नाहीं, अशी भूमिका घेतली. अखेर जम्मू-काश्मीरच्या प्रकरणीं ३ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला: चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असल्यानें बाहेरचें अन्न रोखण्याचा हक्क मालकास आहे; परंतु पिण्याचें शुद्ध पाणी विनामूल्य दिलें पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठीं पालकांनीं आणलेलें अन्न अडवितां येणार नाहीं.

धर्मशाळेच्या जुन्या करारांतलें पाणी अशा रीतीनें कायद्यानें राखलें, आणि तें जातीचा प्रश्न न विचारतां सर्वांस दिलें, हा लाभ लहान नव्हे. शिदोरी मात्र मालकाच्या मर्जीवर राहिली. घरून चार भाकरी बांधून नेणें ज्यास परवडतें, पण दारांतल्या दुकानाचा भाव परवडत नाहीं, त्या कुटुंबास करमणुकीचें दार अर्धेंच उघडें आहे. कौंडण्यपूरच्या वाटेवरील झाडाखालीं तें पुरतें उघडें असतें.